स्पीकरवर पुकारलेलं नाव

दहा वीसची पोळगाव गाडी फलाट तीनवर लागलेली, उभं राहायलाही जागा नाही इतकी भरलेली, आणि ड्रायव्हर गायब. स्टँडच्या घड्याळात साडेदहा होऊन गेले होते. मी मागच्या दारात उभी राहून तिकिटं फाडत होते आणि आतली माणसं मला फाडून खात होती.

"बाई, गाडी आज जाणार हाय का उद्या?"

"मला काय विचारताय? मी ढकलत नेऊ काय?"

नलवडे ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात मिसळ चोपत बसला होता हे मला ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर माणसं तिथं जाऊन त्याच्या रश्श्यात त्यालाच बुडवून आली असती. म्हणून मी गप्प होते. नोकरीला लागून मला आठ महिने झाले होते. आमच्या डेपोतली मी पहिली बाई कंडक्टर. वर्ष पुरं होईपर्यंत नोकरी पक्की नसते, आणि वैजयंता कुराडे कधी चुकते याची वाट बघणारे डेपोत पुष्कळ होते. तेव्हा जीभ तिखट ठेवायची आणि भानगडीत पडायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

फलाटाच्या कडेला सिमेंटच्या बाकावर रोजच्यासारखा केरबा मोरबाळे बसला होता. इस्त्रीची खाकी, पायात पॉलिश केलेले बूट, छातीवर बिल्ला तेवढा नाही. केरबा अठरा वर्षं आमच्याच डेपोत ड्रायव्हर होता आणि अठरा वर्षांत त्याच्या गाडीला साधं खरचटलं नव्हतं. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. एक दिवस भर रस्त्यात गाडी थांबवून तो चाकाखाली जाऊन झोपला. म्हणाला, इथं पोरगं सापडलंय, मी काढतो. पोरगं वगैरे काही नव्हतं. त्याला धरून आणलं आणि डॉक्टर येईपर्यंत डेपोच्या टायरच्या खोलीत कोंडून ठेवलं. दोन तासांनी दार उघडलं तर त्यानं भिंतीवर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं होतं. त्याची खूण अजून दिसायची. पुढं नोकरी गेली. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून गोळ्या सुरू झाल्या, आवाज कमी झाले, पण रोज नऊ वाजता तो स्टँडवर यायचा आणि दोन वाजता उठून घरी जायचा.

"काय मोरबाळे, आज कुठली ड्यूटी?" येणारा जाणारा विचारायचा.

"अजून लावली न्हाई," तो मान हलवून सांगायचा. त्याला ती चेष्टा वाटायची नाही.

चेष्टेत सगळ्यांच्या वर होते ते कंट्रोलर शिंत्रे. गाड्या सोडणारे, काचेच्या खोलीत माइक घेऊन बसणारे. कुणाची चप्पल हरवली तर त्याचीही घोषणा अशी करायचे की अख्खा स्टँड पोट धरून हसायचा. त्या दिवशी पोळगावची माणसं त्यांच्या खिडकीवर जाऊन आदळली, ड्रायव्हर कुठं आहे म्हणून शिव्या द्यायला लागली. शिंत्रेंनी माइक ओढला.

"चालक केरबा मोरबाळे, बिल्ला नंबर चारशे सतरा. पोळगावची गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. आपण ताबडतोब गाडीवर यावे. प्रवासी आपली वाट पाहत आहेत."

हशा पिकला. हमाल हसले, पेपरवाला हसला, खिडकीवर भांडणारे हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मनापासून हसले. केरबा बाकावरून उठला आणि त्यानं कॉलर नीट केली, एवढं मी पाहिलं. तेवढ्यात एक बाई दोन गाठोडी घेऊन माझ्या दारात घुसली आणि मी तिच्याशी भांडायला लागले.

पुढं ड्रायव्हरचं दार आपटल्याचा आवाज आला. इंजिन चालू झालं. आला एकदाचा नलवडे, असं मनात म्हणत मी दार ओढलं आणि दोरी दोनदा खेचली. टण टण.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. बेल देताना कंडक्टर दाराकडं बघतो, मागं कोण लोंबकळतंय का ते बघतो. ड्रायव्हरकडं बघायचं कधी डोक्यातही येत नाही. त्या जुन्या गाड्यांना दार मागं असायचं, मधे माणसांची भिंत, आणि गाडीला किल्ली नसायचीच. बटण दाबलं की चालू. माझी दुहेरी बेल झाली आणि गाडी निघाली. पाठीमागं स्टँडवर कुणीतरी ओरडत होतं, पण गाडी सुटताना स्टँडवर कुणीतरी ओरडतच असतं.

स्टँडच्या बाहेर पडताना मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं वाटलं. नलवडे गिअर टाकतो तेव्हा गाडी म्हाताऱ्यासारखी खाकरते. आज ती खाकरली नाही. गतिरोधक आला तो कळलाही नाही. मी म्हटलं, मिसळ चांगली झालेली दिसते.

मोरेवस्तीच्या फाट्यावर एकाला उतरायचं होतं. मी एक बेल दिली, गाडी अगदी फाट्याच्या दगडाला लागून थांबली. तिथं गंगूआक्का चढल्या. सत्तरीच्या, कोंबड्यांची डाली डोक्यावर घेऊन पोळगावच्या बाजाराला जाणाऱ्या. गाडी येतानाच त्यांनी समोरच्या काचेतून बघितलं होतं, दारात पाय ठेवला तेव्हा चेहरा खुललेला होता.

"केरबा आला व्हय परत गाडीवर? बरं झालं बाई. त्या दुसऱ्याच्या गाडीत कोंबड्यासुद्धा वकत्यात."

गाठोडी तुडवत, शिव्या खात मी पुढं गेले आणि ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला तोंड लावलं. केरबाच होता. पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर. ओठ हलत होते. इंजिनच्या आवाजात कान दिला तेव्हा ऐकू आलं.

"गप. गप बसा सगळी. गाडी चालवतोय मी. माणसं हायत गाडीत. मागनं बोला काय बोलायचं ते."

तो आवाजांना दटावत होता. शाळेत मास्तर पोरांना दटावतो तसा, न चिडता. ओरडावं तर माणसं घाबरून दंगा करणार, आणि तो दंगा त्याला सहन होईल की नाही कोण सांगणार. मी दोरी एकदा खेचली.

"बाई," तो आरशात बघून म्हणाला, "घाट लागला. चढाला गाडी थांबवायची न्हाई. वर गेल्यावर देतो थांबा."

खरंच घाट लागला होता, आणि नियमानं त्याचंच बरोबर होतं.

पोळगावचा घाट लहान, सात वळणांचा, पण एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला सरळ दरी. मी जाळी धरून उभी राहिले. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. प्रत्येक वळणाआधी हॉर्न, प्रत्येक वळणाला गिअर, आणि गाडी अशी वळायची की उभ्या माणसांनाही वरची दांडी धरावी लागत नव्हती. चौथ्या वळणावर वरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर घाटात मागं जात नाही. म्हणजे आम्हालाच मागं जायचं होतं, उताराला, वळण घेऊन, दरीच्या कडेनं.

केरबानं हातब्रेक ओढला. "बाई, खाली उतरा, चाकाला दगड लावा. मग शिट्टी द्या. तुमच्या शिट्टीवर घेतो."

मी उतरले. उतरताना दरवाजा सताड उघडला आणि सगळ्यांना म्हटलं, "उतरा, गाडी मागं घ्यायचीय." माझा चेहरा बघून म्हणा किंवा दरी बघून म्हणा, माणसं भराभरा उतरली. गंगूआक्का तेवढ्या हलल्या नाहीत.

"आक्का, उतरा म्हणते ना!"

"का? केरबाच हाय न्हवं?" त्यांनी डालीवर हात ठेवला. "नलवड्या असता तर मघाशीच उतरलो असतो."

मी गाडीच्या मागं उभी राहिले. माझ्या टाचेपासून वीतभरावर कडा संपत होता. दगड काढला आणि शिट्टी दिली. गाडी मागं आली, माणूस उंबऱ्यावरून मागं पाऊल टाकतो तशी चाचपत. मी शिट्टी थांबवली की गाडी थांबायची. ताबडतोब. माझ्या श्वासाइतकाही उशीर नाही. त्याला मी दिसत नव्हते, दरी दिसत नव्हती, डोक्यात दहा जण बोलत होते आणि त्यातून तो माझी शिट्टी तेवढी वेचून घेत होता. ट्रॅक्टर जाईपर्यंत सहा-सात मिनिटं गेली असतील. त्या मिनिटांत मला वाटलेली भीती मी पुढं कधी अनुभवली नाही, आणि तिच्यात मिसळलेलं ते दुसरं जे काही होतं, तेही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या माणसाला त्याचं काम करताना बघत होते असं वाटलं.

ट्रॅक्टर गेला. मी काही बोलायच्या आत माणसं गाडीत चढून आपापल्या जागेवर बसली. एव्हाना गाडीत कुणकुण लागली होती, तरी बसली. मी दारात उभी राहिले. वर तीन वळणं आणि पोळगाव. खाली चार वळणं. मागं गाड्यांची रांग लागलेली. मी दोरी दोनदा खेचली. ही बेल मात्र मी समजूनउमजून दिली.

मी केलं ते बरोबर होतं असं मी आजही म्हणत नाही. तेव्हा त्यानं गाडी चालवायची नव्हती, आणि मी ती चालवू द्यायला नको होती. जे झालं ते सांगते आहे.

पोळगावच्या स्टँडवर त्यानं गाडी वळवून रेघेत लावली, उतरून चाकाला दगड दिला आणि माझ्याकडं आला. "बाई, बावीस मिनिटं लेट. ट्रॅक्टर लिवा कागदावर, न्हाई तर तुमच्यावर यील." तेवढ्यात पोळगावच्या चौकीतले दोन पोलीस धावत आले. आमच्या डेपोतून फोन गेला होता. एकानं त्याची कॉलर धरली, दुसऱ्यानं कानाखाली वाजवली. केरबानं हात जोडले आणि तो खाली बसला.

"अहो, मारताय काय?" गंगूआक्का डाली टाकून पुढं आल्या. "काय चोरलं त्यानं? आमास्नी पोचवलं!"

पोलिसांनी त्याला जीपमध्ये कोंबलं आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आणलं.

दुपारी तीन वाजता त्या ठाण्यात आम्ही सगळे जमलो. फौजदार मुजावर टेबलामागं. समोर आमचे डेपो मॅनेजर, शेजारी शिंत्रे, त्यांच्या मागं मी. लॉकअपच्या गजांना धरून केरबा उभा. आतून एकच वाक्य चालू होतं. "माझं नाव पुकारलं. बिल्ला नंबरासकट पुकारलं."

"तासभर हेच चाललंय," हवालदार म्हणाला. "कानात आवाज येत्यात त्याच्या."

सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. शिंत्रेंनीही हलवली. मी जमिनीकडं बघत होते.

मॅनेजरांनी फिर्याद लिहूनच आणली होती. सरकारी गाडीची चोरी, एकाहत्तर प्रवाशांचा जीव धोक्यात. येताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कुराडे, तुम्ही बेल दिली नाही. तो बेलशिवाय गाडी घेऊन पळाला. एवढंच सांगायचं. नाहीतर आठ महिन्यांत घरी बसाल." मी हो म्हटलं होतं.

मग केरबाची बायको आली. आनंदीवहिनी. पांढरीफटक, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिनं दवाखान्याचे कागद काढून टेबलावर मांडले, एकावर एक, सारखे करून.

"साहेब, बारा दिवस गोळ्या संपल्यात. माझी आई गेली. दिवस हुईपर्यंत मला रत्नागिरीला जाता आलं न्हाई. चूक माझी हाय. त्येंची न्हाई."

"बाई, मी समजू शकतो," मुजावर म्हणाले. माणूस रागीट दिसायचा, पण कागद एकेक करून वाचत होता. "पण फिर्याद आली की मला गुन्हा नोंदवावा लागतो. मग जेल. हा वेडा आहे की शहाणा ते कोर्टात ठरेल, वर्षा-दोन वर्षांनी. तोवर आत."

"आत ऱ्हायचं न्हाईत ते." तिचा आवाज चढला नाही. "दोन तास कोंडलं हुतं तेव्हा कपाळ फोडून घेतलं. वरीसभर कोंडलासा तर मी काय घिऊन घरी जाऊ?"

मुजावरांनी चष्मा काढला. "दुसरी वाट आहे कायद्यात. आजारी माणूस सापडला, त्याला संरक्षणात घेतलं, मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं उभं केलं आणि त्यांनी दवाखान्यात धाडलं. हे मला उद्या सकाळी करता येतं. पण त्यासाठी ही चोरी नसायला हवी. आणि चोरी म्हणजे काय, मॅनेजरसाहेब? मनात लबाडी हवी. हा तर पोळगावला जाऊन लेट किती ते सांगतो. तेव्हा मला एवढंच कळायला हवं की ह्याला गाडीवर कुणी बसवलं."

त्यांनी केरबाला बाहेर काढायला सांगितलं. केरबा टेबलापाशी येऊन सावधान उभा राहिला. गालावर पाच बोटं उठली होती.

"मोरबाळे, तुमचं नाव पुकारलं म्हणता. कुणी पुकारलं?"

केरबानं मान वळवली आणि शिंत्रेंकडं बघितलं. नुसतं ओझरतं नव्हे. चांगला बघत राहिला. शिंत्रेंचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. बत्तीस वर्षांची नोकरी, वर्षभरात निवृत्ती, आणि सरकारी माइकवरून केलेली चेष्टा. आता हा बोट दाखवणार, मॅनेजर म्हणणार वेड्याचं काय ऐकता, आणि मी काय करणार?

"सांगा की," मुजावर म्हणाले. "घाबरू नका. कुणाचा आवाज होता?"

केरबानं नजर परत समोर आणली.

"भास असंल साहेब," तो म्हणाला. "मला आवाज येत्यात. डाक्टरनी सांगितलंय, ते खरं नसतंय, मनावर घ्यायचं न्हाई. त्यातलाच असंल एक."

आनंदीवहिनीनं पदर तोंडाला लावला. मॅनेजरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि फिर्याद पुढं सरकवली. माझं तोंड उघडलं होतं, पण आवाज फुटत नव्हता. मला माझी लाज वाटली, इतकी की समोरचं टेबल हलल्यासारखं दिसायला लागलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शिंत्रे उठून उभे राहिले होते.

"तो भास नाही," ते म्हणाले. ज्या आवाजावर स्टँड हसायचा तो आवाज फाटला होता. "तो मी. मी पुकारलं त्याला. चेष्टा केली."

"शिंत्रे, खाली बसा!" मॅनेजर ओरडले.

"नाही बसणार. लिहून घ्या, फौजदारसाहेब. अधिकृत माइकवरून, नाव घेऊन, बिल्ला नंबर घेऊन, फलाट सांगून मी त्याला गाडीवर बोलावलं. तो बोलावलं म्हणून गेला. दोन वर्षं रोज मी त्याला ड्यूटी विचारत होतो. आज दिली." ते केरबाकडं वळले. "मोरबाळे, अरे, मी होतो तो. तुझं डोकं नव्हतं. मी होतो." आणि इतक्या वर्षांचा तो विनोदी माणूस पोलीस ठाण्यात हमसून हमसून रडायला लागला.

मग माझा आवाज फुटला. त्यात माझं शौर्य काही नाही, त्यांनी दार उघडलं आणि मी मागून आत शिरले. "बेल मी दिली," मी म्हटलं. "दोनदा. स्टँडवर न बघता दिली. घाटात बघून दिली. माझ्या बेलशिवाय गाडी एक फूट हलली नाही. तेही लिहा."

मुजावरांनी आम्हा दोघांकडं बघितलं. मग केरबाकडं बघितलं. मग उठले, स्वतः खुर्ची ओढली आणि केरबाला म्हणाले, "बसा, मोरबाळे." कुठल्याही ठाण्यात कुठल्या आरोपीला फौजदारानं खुर्ची दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. केरबा बसला. चहा आला. मॅनेजर फिर्याद हातात धरून थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनी ती घडी करून खिशात घातली आणि कुणाशी न बोलता निघून गेले. एकाहत्तर प्रवाशांपैकी एकानंही तक्रार दिली नाही. एक जण तर हवालदाराला म्हणाला म्हणे, तक्रार द्यायचीच तर नलवड्यावर देतो.

त्या रात्री केरबाला कोंडलं नाही. ठाण्याच्या ओट्यावर आनंदीवहिनी त्याच्या उशाशी बसून राहिली. सकाळी मॅजिस्ट्रेटपुढं नेलं, तिथून रत्नागिरीला. चार महिन्यांनी तो घरी आला. गाडी त्यानं पुन्हा चालवली नाही, मागितलीही नाही. घरच्या म्हशी बघू लागला, आणि गावातल्या दूध संस्थेत सकाळी दूध मोजायला जाऊ लागला.

माझं दोन महिने निलंबन झालं. हात दाखवून अवलक्षण केलंस, असं माझी आई म्हणाली. पुढं नोकरी टिकली, आणि अजून दोन वर्षांनी मी रिटायर होईन. शिंत्रेंची चौकशी झाली, त्यांना शेवटचं वर्ष लांबच्या एका डेपोत काढावं लागलं. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम धरलं. दर महिन्याला एसटीनं रत्नागिरीला जायचं, केरबाच्या गोळ्या आणायच्या आणि त्याच्या घरी पोचत्या करायच्या. एकाही महिन्यात खाडा नाही. एका पावसाळ्यात घाट बंद झाला तेव्हा कोल्हापूरवरून फिरून गेले, दीड दिवस लागला.

ते वारले त्याला आता तीन वर्षं झाली. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तर अंगणात चपलांजवळ केरबा बसला होता. केस पांढरे झालेले, अंगात स्वच्छ सदरा. आत जागा होती तरी तो बाहेरच बसला होता. मी शेजारी टेकले.

"आता गोळ्या कोण आणणार?" मी विचारलं.

"त्यांचा मुलगा आणतो म्हणालाय." त्यानं मान हलवली. "मी म्हणालो, माझा मी जातो. येतंय मला आता."

आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. इतकी वर्षं मनात राहिलेला प्रश्न मी त्या दिवशी विचारला. विचारायला नको होता कदाचित, पण माणूस गेल्यावर तोंड सैल सुटतं.

"केरबादादा, त्या दिवशी ठाण्यात तुम्ही भास असंल म्हणालात. तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं?"

तो माझ्याकडं बघून हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होते.

"बाई, माझ्या डोक्यातली आवाजं मला शिव्या देत्यात. मर म्हणत्यात. बिल्ला नंबर सांगून गाडीवर या म्हणत न्हाईत. शिंत्रेसाहेबांचा आवाज मला अठरा वर्षं ठावा हुता. मी बघितलं की त्यांच्याकडं."

"मग सांगितलं का नाही? तुम्ही जेलात गेला असता!"

त्यानं एक वाट चुकलेली मुंगी बोटावर घेऊन जमिनीवर सोडली.

"त्यांची नोकरी गेली असती," तो म्हणाला. "नोकरी गेली की माणसाचं काय हुतं, ते तिथं मला एकट्यालाच माहीत हुतं."